मैनाबाई चार

पळसवाडी तांडा, ता. दिग्रस
२ जुलै २००६

अंजू,

हे अक्षर माहंच हाये. कोंबडीनं उकरल्यासारखं दिसत असन, पण दुसऱ्याच्या हातानं पत्र लिवून घेणारी बाई मी नाई. साक्षरतेच्या वर्गात मी बाराखडी गिरवली ती तुह्याच फुटक्या पाटीवर, तू चौथीत असताना. तवा तू माह्या 'ळ'ले हासायचीस. आता हास.

तुह्या बापानं काल सांगतलं, नर्सिंगची परीक्षा झाली की एप्रिलात तू मस्कतले जाणार. समुद्राच्या पलीकडं. काहून, नागपूर कमी दूर होतं का? देवसिंग सांगताना मान खाली घालून बैलाची दोरी सोडत होता. गाठ सुटलेली होती तरी सोडत होता.

तू या घरातून जाताना मले काय म्हणालतीस, तुह्या ध्यानात हाये का? माह्या हाये. "दादी, तुले खेळातलं काही समजत नाई. आधी खेळ शिक, मंग माह्याशी बोल." चौदा वर्षांची होतीस. सात वर्षं झाली. तुहा दादा, माहा धनी, वारला तवा दुपारी आलीस, दोन तास बसलीस, संध्याकाळच्या गाडीनं गेलीस, आन माह्याकडं पाह्यलंही नाईस. शब्दाची पक्की निघालीस. ते या घरचंच रक्त.

तर मी बुद्धिबळ शिकून राह्यली.

गैरसमज करून घेऊ नको. तुले मारली ते मारली. कडुनिंबाखाली सारा तांडा बसलेला, तांड्याचा मुखिया नायक बसलेला, आन तू आपल्या सख्ख्या दादाले म्हणतेस, "दादा रडी करून राह्यला." ज्या धरमसिंगशी खेळायले पुसदहून माणसं यायची, त्याले. मी चुलीपासून उठून आली, हात पिठाचा होता, तसाच लावला. तुह्या गालावर ज्वारीचा पंजा उठला. त्याची माफी मी मागत नाई. हे पत्र माफीचं नाई, खेळाचं हाये.

एप्रिलाच्या आत मले खेळ आला पाह्यजे. मंग तुले बोलावं लागन. अट तुहीच हाये.

आताच उत्तर टाकू नको. अजून मले काही येत नाई.

बिजलीबाई, तुही दादी


२६ ऑगस्ट २००६
पोळा होऊन तीन दिवस

अंजू,

गुरू भेटला. दर पंधरा दिवसांनी बीपीच्या गोळ्या आणायले मी दिग्रसच्या सरकारी दवाखान्यात जाते, तिथून बसस्टँडच्या वाटेवर वाचनालय हाये. त्याच्या ओट्यावर एक म्हातारा रोज पट मांडून एकटाच बसते. मधुसूदनबाबू. तहसीलात होता, आता पेन्शनीत हाये. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावते.

मी उभी राहून पाह्यलं आन म्हटलं, "बाबू, दोन्हीकडून तुमीच हरता का?"

चष्म्यावरून पाह्यलं मले. घागरा, हातभर बांगड्या, गोळ्यांची पिशवी. म्हणाला, "दोन्हीकडून जिंकतोही मीच, बाई. बसा."

बसली. पयल्या दिवशी बारा चालींत माहा वजीर गेला. दुसऱ्या खेपेले नऊ चालींत. बाबू म्हणते, "बिजलीबाई, समोर आलं म्हणून खायचं नसतं."

म्हटलं, "आमच्या घरी समोर आलेलं टाकत नाईत."

"म्हणून तर वजीर टाकावा लागतो."

माणूस मऊ बोलते पण टोचते बरोबर जागी. त्यानं नेम घालून देल्ला हाये. चाल सुचली की लगेच खेळायची नाई, दोन्ही हातांवर बसायचं, आन दुसरी चाल शोधायची. मी खरंच हातांवर बसली. बांगड्या रुतून मांडीले वळ आले. पण त्या दिवशी वजीर वीस चाली वाचला.

तुमच्या शाळेच्या खेळात प्यादं पयल्या वेळी दोन घरं चालते, हे मले माईतच नव्हतं. चाळीस वर्षं तुह्या दादाचा खेळ डोळ्यासमोर चालला, त्यात प्यादं बिचारं एकेक घरच चालायचं. तो पटही माह्याच हातचा. चौसष्ट घरं पिवळ्या कापडावर मी टाक्यानं पाडली, काठाले कवड्या लावल्या, आन त्यावर काय चालते ते कधी इचारलं नाई. भाकरी करणारीनं पंगतीत बसू नये, तसं.

आता नवा पट शिवला. खताच्या पोत्याचं पांढरं कापड आन जुन्या घागऱ्याचं काळं. जुना पेटीत हाये. त्याले हात लावत नाई. काहून ते इचारू नको.

दादी


२४ ऑक्टोबर २००६

अंजू,

दिवाळी झाली. मेरा, दिवाळीची ओवाळणी, मागायले पोरी दिवा घेऊन घरोघरी फिरल्या, गाणी म्हटली. तुह्या बरोबरीची एकही नव्हती, साऱ्या नांदायले गेल्या. तू मस्कतले.

कापूस यंदा बोंडातच रुसला. वेचायले जाते, पण ओटी भरेपर्यंत दुपार होते. कापसाच्या भावाचं नाव काढलं की तुहा बाप उठून बाहेर जाते. मागच्या आठवड्यात जीप घेऊन दोन कागदवाले आलते, शेतकऱ्यांच्या आत्महत्या मोजत. वही उघडून म्हणे, "या घरातला कर्ता माणूस गेला का?" म्हटलं, गेला, चार वर्षं झाली. त्यानं पेन सरसावला. "कशानं?" म्हटलं, खोकल्यानं. त्यानं वही मिटली. चहासुद्धा पेला नाई. तुहा दादा असता तर म्हणाला असता, बसा, एक डाव टाका, मंग जा.

आता खेळाचं. बाबूनं एक पुस्तक देल्लं. त्यात प्रत्येक चाल लिवलेली असते, पण घरांची नावं इंग्रजी अक्षरांत. ते मले कुठून येणार? हप्ताभर डोकं आपटलं. मंग आपल्या गल्लीतून पाणी घेऊन येताना सुचलं. पटावर आठ रांगा, आपल्या गल्लीत आठ ठिकाणं. डावीकडून लखीराम, फुलसिंग, उत्तमसिंग, मैनाबाई, मंग आपलं घर, मंग शाळा, मंग सेवालाल महाराजांचं देऊळ, आन शेवटी हापसी. पुढं एक ते आठ आकडे, ते तर येतात मले.

म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं गेलं, तर आपलं घर चार. घोडा उडी मारून आला, शाळा तीन. उंट सारा पट ओलांडून गेला, फुलसिंग पाच. बाबूले सांगतलं तर आधी हासला, इतका की चष्मा पुसावा लागला. मंग म्हणाला, "आता मलाही हेच पाठ होईल, बिजलीबाई. काल घरी वर्तमानपत्र वाचताना मी मोठ्यानं हापसी सात म्हणालो, तर बायको पाणी घेऊन आली."

वेचताना डाव डोक्यात चालू राह्यते. पऱ्हाटीच्या तासात, दोन ओळींच्या मधात, उभी राह्यली की समोर हत्तीची वाट, तिरपं पाह्यलं की उंटाची. परवा लखीरामले हरवलं. तो म्हणे, "वैनी, हे नवे कायदे आमाले मान्य नाईत." मी म्हटलं, हरलेल्या माणसाले कोणताच कायदा मान्य नसते.

बोलून गेली आन मंग पट गुंडाळून ठेवला.

दादी


१० डिसेंबर २००६

अंजू,

देवसिंग म्हणते तुले पत्रं भेटतात. तू वाचतेस का, ते त्याले सांगता आलं नाई. मी इचारलंही नाई फार.

प्रगती सांगते. आता मी वजीर फुकट देत नाई. दोन चालींतली मात दिसते, तीन चालींतली कधी दिसते कधी नाई. बाबू रोजच्यासाठी पंधरा कोडी एका कागदावर काढून देते, मैनाबाई-हापसीच्या भाषेत, सुंदर अक्षरात. मी चुलीजवळ कागद धोंड्याखाली ठेवते आन भाकरी उलटताना पाह्यते. दोन भाकरी करपल्या त्यात. तुह्या आईनं करपलेली माह्याच ताटात वाढली.

वाईट खोड एक हाये, जात नाई. जिंकायले लागली की घाई होते. बाबू म्हणते, "हरताना तुम्ही फार शहाण्या असता. जिंकताना मात्र तुम्हाला समोरचा माणूस दिसतच नाही." घरच्या कोणी त्याले काही सांगतलं का, असं वाटलं मले.

एक गोष्ट इचारली त्याले. म्हटलं, बाबू, आमच्यात राजाले एका डावात एकदा उडी असते. घोड्यासारखी अडीच घर. ती तुमच्या पुस्तकात नाई का?

तो म्हणाला, "ती आपली जुनी रीत. माझे आजोबाही तसंच खेळायचे. आता नाही चालत." मंग थांबून म्हणाला, "पण त्या जुन्या रीतीतही एक अट होती बघा. राजाला शह बसायच्या आत उडी घ्यायची. एकदा शह बसला, की उडी गेली."

मी गोळ्यांची पिशवी उचलली आन उठली. बाबू म्हणाला, डाव अर्धा राह्यला. म्हटलं, गाडी चुकन.

गाडीले अजून तास होता.

दादी


२७ जानेवारी २००७

अंजू,

काल वाचनालयात स्पर्धा झाली. झेंडा झाल्यावर. बाबूनं माहं नाव मले न इचारता टाकलं होतं. तीस जण होते, बाया आम्ही दोघी. दुसरी पंच होती. मिताली म्हणून, शाळेत मास्तरीण हाये, तुह्याच वयाची, ओढणी कमरेले बांधून साऱ्या टेबलांमधून फिरत होती.

पयला डाव हरली. दुसरा जिंकली. खरं सांगते, साधा नाई जिंकली, त्या माणसाचा घोडा मी चार चाली आधी हेरून ठेवलता आन हातांवर बसून राह्यलती. मेडिकलवाला होता. उठताना म्हणाला, "आजी, कुठं शिकलात?" म्हटलं, चुलीजवळ.

तिथं प्रत्येक चाल कागदावर लिवावी लागते. मितालीनं माहा कागद उचलला. "आजी, हे 'मैनाबाई चार' काय आहे?"

"मैनाबाईच्या घराची ओळ. चौथं घर."

"आणि 'देऊळ दोन'?"

"तिथं उंट हाये आता. पाह्य."

पोरगी खाली बसली, माहा कागद धरून पयल्यापासून एकेक चाल पटावर पडताळली. मले वाटलं आता बाहेर काढते. उठून म्हणाली, "सगळं बरोबर आहे. चालेल." आन पुढच्या टेबलाकडं गेली. बाकीचे लोक पाहत राह्यले.

तिसरा डाव बँकेतल्या साकेतशी. बरा चालला होता. माह्याकडं एक प्यादं जास्त होतं. मंग त्यानं उंटानं शह देल्ला, आन अंजू, माहा हात गेला. मी नाई गेली, हात गेला. राजा उचलला आन अडीच घर पलीकडं टाकला. चाळीस वर्षं जे पाह्यलं तेच हातानं केलं.

साकेतनं नुसता हात वर केला. मिताली आली. मी मान वर केली नाई. सारी खोली गप झाल्यासारखी वाटली, कडुनिंबाखाली झालती तशी.

ती म्हणाली, "आजी, ही चाल नाही. राजा परत ठेवा. राजाला हात लागलाय, म्हणून राजाच चालवावा लागेल, पण साधा, एक घर."

बस. एवढंच. आवाज चढवला नाई, कोणाले हाक मारली नाई. राजा मी परत ठेवला, एक घर सरकवला, आन सहा चालींत मात झाली.

गाडीत खिडकीजवळ बसली. चुकीची चाल मी केली, आन एका पोरीनं मले फक्त सांगतलं की ही चाल नाई. दादाले तूही तेवढंच सांगतलंस, तर मी काय केलं?

पुढचं पुढच्या पत्रात. आता हात दुखते.

दादी


११ फेब्रुवारी २००७

अंजू,

हात दुखत नव्हता. हिंमत नव्हती.

या पत्रासंगं कापडात शिवलेलं पार्सल हाये. त्यात जुना पट हाये, तुह्या दादाचा. आधी पत्र पूर्ण वाच, मंग उघड.

तू गेल्यावर दादा कडुनिंबाखाली कधी खेळले नाईत. लोकांले वाटलं, खोकल्यानं. मलेही तसंच वाटू द्यायचं होतं. जायच्या आधीच्या महिन्यात एके दुपारी म्हणाले, "बिजली, सुईदोरा घे." पट मांडायले लावला. तुह्यासंगं झालेला तो डाव, तो शह, जसाच्या तसा त्यांच्या डोक्यात होता. म्हणाले, या घरात लाल टाका, या घरात काळा. लाल त्यांचा, काळा तुहा. घोड्याले वाकडा टाका, हत्तीले चौकट, प्याद्याले नुसती गाठ. राजाले कवडी. उडीच्या आधीचा डाव. दोन दुपारी लागल्या. खोकल्याची उबळ आली की सुई थांबवायची मी.

शिवून झाल्यावर म्हणाले, "शह बसल्यावर उडी नसते. हे माह्या बापानं मले पयल्या दिवशी शिकवलं होतं. मले माईत होतं, बिजली. रडी मीच केली. पोरीनं मात केली हे मले सहन नाई झालं. ती आली की हा पट दाखव. सांग, डाव तिचा."

मी म्हटलं, आता गप पडा.

तू आलीस तवा पेटीची किल्ली माह्या कमरेले होती. दोन तास तू समोर बसलीस. मी उठली नाई. उठली असती तर नायकासमोर, तुह्या बापासमोर कळलं असतं की मी पोरीले खोट्यापायी मारली. माह्या तोंडापायी मी तुह्या दादाचा निरोप दाबला. एवढंच कारण हाये, दुसरं काही नाई. मी शोधून पाह्यलं, सापडलं नाई.

आता मेन गोष्ट. टाके मी घातले, पण त्यात काय हाये ते मले वाचता येत नव्हतं. स्पर्धेहून आली आन पेटी उघडली. अकरा दिवस रोज पाह्यला. आधी वाटलं, लखीरामच्या बाजूनं राजा निसटते. तिथं तुहा हत्ती. मंग वाटलं, उंट मधात येते. त्याच्या वाटेत त्यांचंच प्यादं. वाटलं, तुहा वजीर खाता येते. त्याच्या मागं घोडा दडवून ठेवलेला तू. चौदा वर्षांच्या पोरीनं! एकेक घर बोट ठेवून तपासलं. राजाले जायले एकही घर नव्हतं. ती मातच होती. नव्या कायद्यानं मात आन जुन्यानंही मात.

बाबूले दाखवला, काही न सांगता. त्यानं बराच वेळ पाह्यला आन म्हणाला, "काळ्याकडून कोण खेळलंय? फार सुंदर मात आहे." म्हटलं, माही नात.

मी तुले मारली ते चूक. हे एक वाक्य लिवायले मले सात महिने लागले आन आधी अख्खा खेळ शिकावा लागला. डोकं जाड असलं की असंच होते.

हार मानली की राजा आडवा ठेवतात म्हणे. कवडी आडवी कशी ठेवणार? म्हणून लाल राजाची कवडी मी उसवली. पटाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवली हाये. ती तुही. बाकीचा एक टाका हलवला नाई.

खेळ थोडा येते आता मले. अट पुरी झाली का नाई, ते तू ठरव.

दादी


१९ मार्च २००७

अंजू,

तुहं कार्ड आलं. पोस्टमननं गल्लीतच मोठ्यानं वाचून दाखवलं, लाज नाई त्याले. वाचायले होतंच काय त्यात? ना नमस्कार, ना खुशाली. एक ओळ. "प्यादं, मैनाकाकी चार."

मैनाबाई समोरच भांडे घासून राह्यलती. राखेच्या हातानं धावत आली. "माह्या घरी चार काय? कोण चार? काय झालं?" तिले समजावता समजावता माहा दम गेला. आता साऱ्या तांड्याले सांगत फिरते की नागपूरच्या पोरीनं पयला मान तिच्या घराले देल्ला. सात वर्षांत काकी म्हणायचं इसरली नाईस, हे तिनं तीनदा मले आयकवलं.

तुही आई दारामागं जाऊन डोळे पुसून आली. मी नाई. मले पट मांडायचा होता.

तुहं प्यादं ठेवलं. मंग हातांवर बसली. तुह्या बापानं इचारलं, "आता काय करून राह्यलीस?" म्हटलं, गप, घाई केली की मी हरते.

पोस्टमास्तरले इचारून आली. मस्कतले पत्र जाते, पंधरा दिवस लागतात. जायले पंधरा, यायले पंधरा. बाबूनं हिशेब केला, चाळीस चालींचा डाव धरला तर तीन वर्षं आन वर काही महिने. चष्मा काढून म्हणाला, "बिजलीबाई, तेवढं थांबाल ना?"

म्हटलं, बाबू, चाल माही बाकी असताना मी कुठं जाते?

घोडा, शाळा सहा.

दादी